वाचकांचे प्रश्न : दोर बोटीला नेमका कुठे बांधायचा?

मोटारबोटीमागे दोर धरून, एका रुंद फळीवर उभे राहून पाण्यावरून घसरत जाण्याच्या खेळाला वेकबोर्डिंग म्हणतात, आणि बोटीमागे उठणाऱ्या लाटेला वेक. या खेळाविषयी सोलापूर जिल्ह्यातून आलेल्या पत्रांना या वेळी एकत्र उत्तरे देत आहे. पहिल्या पत्राचे उत्तर बरेच लांबले आहे. त्यातल्या चुका माणसाच्या जिवाशी येणाऱ्या असल्यामुळे ते आखडते घेतले नाही.

प्रश्न : आम्ही तिघे मित्र आहोत. ओळखीतून १५ फुटी जुनी फायबरची बोट आणि ४० अश्वशक्तीचे आउटबोर्ड इंजिन मिळाले आहे. वेकबोर्डही घेतला आहे. घरी नायलॉनचा जाड दोर पडून आहे, तो बोटीच्या मागच्या एका कडीला बांधावा असा माझा विचार आहे. मित्राचे म्हणणे असे की व्हिडिओत दिसतो तसा पाइपचा उंच सांगाडा वेल्डिंगवाल्याकडून करून घ्यावा आणि दोर वरून बांधावा, म्हणजे उडी चांगली बसते. आम्ही काय करावे? – एक वाचक, टेंभुर्णी

उत्तर : तुमच्या बोटीत आणि इंजिनात नवशिक्याला ओढण्याइतका दम आहे, त्याची काळजी करू नका. मात्र नायलॉनचा दोर, एकच कडी आणि वेल्डिंगचा सांगाडा या तिन्ही गोष्टी आहेत तिथेच थांबवा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आधी नायलॉनचे बघू. नायलॉन मजबूत असतो, यात वाद नाही. पण तो ताणला की लांबतो आणि सोडला की तितक्याच त्वेषाने आखडतो. नांगराच्या दोराला हा गुण उपयोगी पडतो, कारण लाटेचा हिसका तो पोटात घेतो. वेकबोर्डच्या मागे मात्र हाच गुण वैरी ठरतो. सोलापूरकरांना हे फार समजावून सांगावे लागू नये. चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या या गावात कोणता धागा ताणाखाली किती लांबतो आणि कोणता तटकन तुटतो, हे मागावर बसणाऱ्याच्या बोटांना कळते. काही वर्षांपूर्वी एका जलाशयावर मी हा प्रकार तीन-चार हातांवरून पाहिला. बोर्डवरचा मुलगा पाण्यातून उठता उठता तोल गेल्यामुळे हँडल सोडून मोकळा झाला आणि तोपर्यंत ताणून लांबलेल्या नायलॉनने ते हँडल गोफणीतल्या दगडासारखे बोटीकडे फेकले. मागे बघत बसलेल्या मुलीच्या कानाजवळून ते गेले आणि पुढच्या अॅक्रिलिकच्या काचेला भोक पाडून थांबले. काठावर आल्यावर मी दोर बांधलेली कडी निरखून पाहिली. ती एका बाजूला कलली होती, तिच्या बुडाशी फायबरला केसासारखी बारीक चीर गेली होती, आणि आतल्या बाजूने बोट फिरवले तेव्हा नटाखालचा रुपयाएवढा वायसर लाकडात जवळजवळ पूर्ण रुतलेला लागला. आणखी दोन फेऱ्या मारल्या असत्या, तर ती कडीच उपटून आली असती, आणि आखडणाऱ्या दोराबरोबर ती थेट बोर्डवरच्या मुलाच्या दिशेने गेली असती.

म्हणून वेकबोर्डसाठी न ताणणारा दोर घ्या. डायनिमा किंवा स्पेक्ट्रा या नावांनी मिळणारा दोर सर्वांत कमी ताणतो आणि महागही पडतो. पॉलिएथिलीनचा दोर त्याच्या खालोखाल आहे आणि तुमच्यासारख्या सुरुवात करणाऱ्यांना तो पुरेसा आहे. पॉलिप्रॉपिलीनचा दोर थोडा ताणतो, पण शिकण्यापुरता चालून जातो. या तिन्ही प्रकारच्या दोरांचा मोठा फायदा असा की ते पाण्यावर तरंगतात. नायलॉन आणि पॉलिस्टर पाण्याहून जड असल्यामुळे बुडतात, आणि बुडालेला सैल दोर इंजिनाच्या पंख्यात जायला वेळ लागत नाही. दुकानदार दोराचे नाव सांगू शकत नसेल, तर त्याचा छोटा तुकडा बादलीभर पाण्यात टाकून पाहा. खाली गेला, तर तो दोर या कामाचा नाही. दोराला स्वतः गाठी मारून टोके तयार करू नका, कारण गाठीपाशी दोराची ताकद निम्म्यापर्यंत उतरू शकते. दोन्ही टोकांना पेड एकमेकांत गुंफून केलेले डोळे, म्हणजे पक्के फासे, असलेला तयार दोर घ्या. हँडल वेकबोर्डसाठीच बनवलेले, साधारण १३ ते १५ इंच रुंद असावे.

आता कडीविषयी. बोटीच्या पिछाडीच्या उभ्या फळीला ट्रान्सम म्हणतात. तिच्या एका कोपऱ्यातल्या कडीला दोर बांधला, तर ओढ एकाच अंगाला लागते, बोटीचे तोंड सारखे एका बाजूला वळू पाहते आणि चालकाला स्टिअरिंग उलट दाबून धरावे लागते. जोडीतला एकच बैल ओढत असेल तर तास वाकडे जाते, तसाच हा प्रकार आहे. दोर इंजिनालाही कधी बांधू नका. ट्रान्समच्या दोन्ही कोपऱ्यांना दोन कड्या असाव्यात, त्या दोन्हींत अडकवलेला एक छोटा दोर इंजिनाच्या मागून यावा, आणि त्या छोट्या दोरावर सरकणाऱ्या कप्पीला मुख्य दोर जोडावा. बोर्डवरचा माणूस डावीकडे गेला की कप्पी डावीकडे सरकते, उजवीकडे गेला की उजवीकडे, आणि ओढ दोन्ही कड्यांवर वाटली जाते. दुकानात याला ब्रायडल किंवा टो हार्नेस म्हणतात. कप्पीजवळ तरंगता गोळा असलेलाच घ्या, कारण दोर सैल पडतो तेव्हा तो गोळा त्याला पंख्यापासून वर धरून ठेवतो. ब्रायडलची लांबी कागदावर ठरवत बसू नका. बोट काठावर असताना ती जोडा, एकाने मागून ताणून धरा, दुसऱ्याने इंजिन दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून आणि वर उचलून पाहा. कुठल्याही स्थितीत दोर इंजिनाच्या टोपीला घासला, तर ब्रायडल आखूड आहे असे समजा.

कड्या बसवण्यात मात्र हयगय नको. इंग्रजी यू अक्षरासारख्या स्टेनलेस स्टीलच्या कड्या, ट्रान्सममधून आरपार जाणारे त्यांचे आटे, आतून धातूची रुंद पट्टी आणि त्यावर नट अशी जोडणी लागते. लाकडात पिळलेले स्क्रू अजिबात चालणार नाहीत. तुमची बोट जुनी असल्यामुळे आणखी एक तपासणी करा. जुन्या फायबरच्या बोटींच्या ट्रान्सममध्ये बहुधा प्लायवूड असते आणि जुन्या भोकांतून झिरपलेल्या पाण्याने ते आतल्या आत कुजते. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने सगळ्या ट्रान्समवर हळूहळू ठोकत जा. निरोगी भागाचा आवाज टणक येतो आणि कुजलेल्या भागाचा भद्द येतो, जसा पिकलेल्या आणि नासलेल्या कलिंगडावर टिचकी मारल्यावर फरक कळतो. भद्द आवाज आला, तर आधी ट्रान्सम दुरुस्त करा आणि तोवर दोराचा विषयच काढू नका, कारण त्याच फळीवर तुमचे ४० अश्वशक्तीचे इंजिनही टांगलेले आहे.

सांगाड्याबद्दल तुमच्या मित्राचे म्हणणे चुकीचे नाही, हेही सांगितले पाहिजे. ओढ उंचावरून आली की पाण्यातून उठणे सोपे जाते आणि उडीत हवेत थोडा जास्त वेळ मिळतो. पण तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओतल्या बोटी २० फुटांहून लांब, दोन-दोन टन वजनाच्या असतात, आणि त्यांचा सांगाडा बोटीच्या कारखान्यातच तिच्या बांध्याशी जुळवलेला असतो. तुमच्या बोटीचा हिशेब करून पाहा. बोर्डवरच्याने बाजूला झेप घेताना ८० किलोची आडवी ओढ दिली आणि दोर तळाशी अर्धा मीटर उंचीवर असला, तर बोट कलंडवणारा जोर, म्हणजे ओढ गुणिले उंची, ४० भरेल. तोच दोर दोन मीटर उंचीवर असला, तर १६० भरेल. ओढ तीच, माणूस तोच, आणि बोट उलटवणारा जोर चौपट. शिवाय सांगाड्याचे लोखंड बोटीच्या वर चढल्यामुळे तिचा तोल आधीच वर सरकलेला असतो. १५ फुटी हलक्या बोटीवर वेल्डिंगचा सांगाडा चढवणे म्हणजे संकटाला आमंत्रण आहे. ट्रान्समवरच्या ब्रायडलने उभे राहायला, लाट ओलांडायला आणि पहिल्या छोट्या उड्या मारायला शिकता येते, आणि तेवढ्यातच तुमचा पूर्ण एक हंगाम जाईल.

दोराची लांबी सुरुवातीला १५ ते १७ मीटर, म्हणजे सुमारे ५० ते ५५ फूट ठेवा. लहान बोटीची लाट बोटीच्या जवळच टोकदार असते आणि मागे जाईल तशी पसरून विरते. लांब दोरावर गेलेल्या माणसाला ती सापडत नाही. त्याशिवाय दोर जवळ असला की दोन लाटांमधले अंतरही कमी राहते. वेग ताशी २५ ते ३० किलोमीटरच्या आसपास असू द्या. मोबाइलवरच्या जीपीएसने तो नीट कळतो, जुन्या बोटीच्या काट्यावर विसंबू नका. उठताना एकदम थ्रॉटल ओढायचा नाही. वेकबोर्ड रुंद असल्यामुळे तो कमी ओढीतही पाण्यावर येतो, आणि जोराच्या हिसक्याने हँडल हातातून निसटते, एवढेच घडते. बोर्डवरच्याने गुडघे छातीशी घेऊन, हात सरळ ठेवून, बोटीला आपल्याला उभे करू द्यायचे असते. स्वतः उठायची घाई केलेला माणूस हटकून पुढे पडतो.

लाट मोठी करायची म्हणून वाळूची पोती बोटीच्या मागच्या भागात टाकण्याचा सल्ला तुम्हाला कोणी ना कोणी देईल. मागे वजन टाकले की लाट वाढते, हे खरे आहे. पण ४० अश्वशक्तीची बोट त्या वजनाने नाक वर करून पाणी कापतच राहते, पाण्यावर चढत नाही, आणि चालकाला पुढचे दिसेनासे होते. चालक आणि मागे बघणारा, असे दोघेच बोटीत ठेवा, आणि मागे बघणाऱ्याला सुरुवातीला मधल्या बाकावर बसवा. बोटीवर कारखान्याची वजनमर्यादेची पट्टी असेल, तर तीच प्रमाण माना. तुमचे इंजिन मागे बसून हाताच्या दांड्याने वळवायचे असेल, तर पुढच्या बाजूला स्टिअरिंग बसवून घेतल्याशिवाय कोणालाही ओढू नका, कारण दांडा धरणाऱ्याचे डोके ब्रायडलच्या अगदी शेजारी येते.

प्रश्न : आमच्याकडे माणसांना बसवून बोटीमागे ओढायच्या, हवा भरलेल्या ट्यूबसाठी घेतलेला दोर आहे. तोच वेकबोर्डला वापरला तर चालेल का? उलट, वेकबोर्डचा दोर ट्यूबला चालेल का? – एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : पहिले नाइलाजाने चालेल, दुसरे मुळीच चालणार नाही. ट्यूबचा दोर जाड असतो आणि थोडा ताणतो, त्यामुळे बोर्डवर उभे राहणाऱ्याला रबरी ओढ लागते आणि नीट शिकता येत नाही. ट्यूब मात्र पाण्याला फार मोठा अडथळा करते, विशेषतः ती लाटेत नाक खुपसते तेव्हा. म्हणूनच परदेशी उत्पादकांच्या प्रचलित मापाप्रमाणे एका माणसाच्या ट्यूबसाठी दोराची तुटण्याची ताकद किमान १५०० पौंड, म्हणजे सुमारे ६८० किलो असावी लागते, आणि माणसे वाढतील तशी ती वाढत जाते. वेकबोर्डचा वापरून जुना झालेला दोर ट्यूबला लावू नका.

प्रश्न : आम्ही दोघेच भाऊ आहोत. एक बोट चालवतो, दुसरा बोर्डवर. मागचे दिसावे म्हणून मोठा आरसा लावला तर तिसऱ्या माणसाची गरज पडेल का? – एक वाचक, मोहोळ

उत्तर : गरज पडेलच. आरसा लावा, तो उपयोगाचा आहे, पण तो तिसऱ्या माणसाची जागा घेऊ शकत नाही. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला आठ मीटरहून अधिक. तुम्ही आरशात तीन सेकंद पाहिले, तर बोट तेवढ्यात २५ मीटर पुढे गेलेली असते, आणि त्या २५ मीटरांत काय होते ते कोणीच पाहिलेले नसते. उलट पुढेच पाहत राहिलात, तर भाऊ केव्हा पडला आणि पडल्यावर त्याने हात वर केला की नाही, हे कळायला उशीर होतो. अनेक देशांत या कामासाठी वेगळा माणूस बसवणे कायद्यानेच बंधनकारक आहे. तो माणूस पोक्त असावा आणि त्याच्या हातात मोबाइल नसावा.

खुणा तिघांनी काठावरच पाठ करून ठेवाव्यात. अंगठा वर म्हणजे वेग वाढवा, अंगठा खाली म्हणजे कमी करा, गळ्यासमोरून आडवा हात म्हणजे थांबा, डोक्यावर थाप म्हणजे काठाकडे चला. पडल्यावर हात उंच करून दाखवणे म्हणजे मी ठीक आहे. ही शेवटची खूण दिसली नाही, तर तो जखमी आहे असेच समजून वागायचे. दोर मोकळा करताना इंजिन न्यूट्रलमध्ये असावे, आणि निघण्यापूर्वी सैल दोर अगदी हळू चालवून ताठ होऊ द्यावा. त्या वेळी दोराचा वेढा बोर्डवरच्याच्या हाताला, मनगटाला किंवा पायाला नाही ना, हे मागे बघणाऱ्याने मोठ्याने सांगावे आणि मगच निघावे.

पडलेल्या माणसाला घ्यायला जाताना तो चालकाच्या बाजूला, डोळ्यांसमोर राहील असे वळून या, आणि तो बोटीच्या लांबीइतक्या अंतरावर आला की इंजिन बंद करा. न्यूट्रल पुरेसा नाही, कारण गिअरला चुकून लागलेली थाप पंखा फिरवते. त्याच्याकडे उलटे, मागे मागे जाऊन कधीही पोहोचू नका. इंजिनाची लाल सुरक्षादोरी चालकाच्या मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला अडकवलेली असलीच पाहिजे. चालक पाण्यात फेकला गेला, तर तीच दोरी इंजिन थांबवते. ती नसलेली चालकाविना बोट पाण्यात गोल गोल फिरत राहते आणि पडलेल्या माणसाकडेच पुन्हा येऊ शकते.

लाइफ जॅकेट तिघांनीही घालायचे, फक्त बोर्डवरच्याने नव्हे. मारापासून वाचवणारी पातळ वेस्ट दिसायला छान असते, पण तिच्यात तरंगवण्याची ताकद थोडी असते. ती पोहणाऱ्या, सरावलेल्या माणसासाठी आहे. नवशिक्याने पूर्ण तरंगवणारे जॅकेटच घ्यावे, आणि खांद्यांना धरून वर ओढले तरी ते हनुवटीच्या वर सरकत नाही, हे पाहूनच घ्यावे.

प्रश्न : आमचे गाव उजनीच्या बॅकवॉटरला लागून आहे. पाणी भरपूर आहे, पण जुने लोक सांगतात की पाण्याखाली गावे आहेत. बोट कुठे आणि केव्हा चालवावी? सोलापूर शहराजवळच्या तलावांवर काही सोय होईल का? – एक वाचक, करमाळा तालुका

उत्तर : शहराजवळच्या तलावांचा विचार सोडून द्या. सिद्धेश्वर तलाव आणि कंबर तलाव या खेळाला फारच लहान आहेत. ताशी ३० किलोमीटर वेगाने बोट एका मिनिटात अर्धा किलोमीटर जाते, म्हणजे ३०० मीटरच्या तलावात अर्ध्या मिनिटातच वळावे लागेल. हिप्परग्याचा एकरुख तलाव मोठा आहे खरा, पण त्यातून शहराला पिण्याचे पाणी जाते. त्यात पेट्रोलचे इंजिन नेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

उजनीचे धरण १९८० साली पूर्ण झाले, भीमेच्या या जलाशयाला यशवंत सागर म्हणतात आणि त्याची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी आहे. जुने लोक सांगतात ते अगदी खरे आहे. पाणी ओसरले की पळसदेवचे जुने मंदिर वर येते, ते आपण सगळे बघायला जातो. पण मंदिर वर येते म्हणून ते दिसते. त्याच्या आसपासच्या भिंती, झाडांचे बुंधे, विहिरींचे कठडे पाण्याखाली दोन-तीन फुटांवर असतात, तेव्हा ते दिसत नाहीत, आणि धोका नेमका त्याच वेळी असतो. उजनी प्लसमध्ये आहे की मायनसमध्ये, म्हणजे पाणी उपयुक्त साठ्यात आहे की त्याच्याही खाली गेले आहे, हा आपल्या जिल्ह्यातला रोजचा विषय आहे. बोटवाल्यानेही तो रोज विचारला पाहिजे, कारण गेल्या महिन्यात निर्धोक असलेली वाट या महिन्यात उथळ झालेली असते. माझा सल्ला असा की पाणी प्लसमध्ये असतानाच हा खेळ खेळा, आणि मायनसमध्ये गेले की बोट काठावर चढवा. बोर्ड ओढण्याच्या वाटेवर सगळीकडे किमान दोन मीटर खोली हवी आणि दोन्ही अंगांना ५०-६० मीटर मोकळे पाणी हवे. पहिल्या दिवशी बोर्ड घेऊन जाऊच नका. गावातल्या एखाद्या जाणत्या कोळीदादांना बोटीत घ्या, त्यांच्याबरोबर सगळी वाट हळू चालवत जा, आणि दगड बांधलेली दोरी सोडून खोली मोजा. कोणत्या अंगाला जुन्या गावाची वेस होती, जाळी कुठे लावतात, हे त्यांना पाठ असते आणि कोणत्याही नकाशात नसते.

पाण्यातल्या इतर गोष्टीही ध्यानात घ्या. उसाच्या शेतांसाठी काठावरून पाण्यात गेलेले मोटारींचे पाइप आणि विजेच्या केबली पाणी ओसरेल तशा आत आत सरकवल्या जातात, त्यामुळे काठापासून १०० मीटरपर्यंतच्या पाण्यात वेगाने जाऊच नका. मासेमारीच्या जाळ्यांचे तरंगते बुचे दिसले, तर वळसा घाला. त्या जाळ्यांवर कुणाचा तरी दिवस चालतो आणि तुमच्या पंख्यात अडकलेले जाळे तुमचा दिवस संपवते. जलपर्णी असलेल्या भागातून आल्यावर इंजिनाच्या बाजूने पडणारी पाण्याची धार पाहा. ती बारीक झाली किंवा थांबली, तर थंड पाणी घेणारी जाळी तुंबलेली आहे, आणि इंजिन ताबडतोब बंद करून ती साफ केली पाहिजे. हिवाळ्यात रोहित (फ्लेमिंगो) आणि पट्टकादंब हे पक्षी उथळ दलदलीत उतरतात. त्या काळात त्या बाजूला इंजिनाचा आवाजही जाऊ देऊ नये.

वाऱ्याविषयी मी जरा जास्त सांगणार आहे. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी करमाळा तालुक्यातील कुगावहून इंदापूर तालुक्यातील कळाशीला निघालेली प्रवासी बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जणांचा जीव गेला. तुमच्या भागात हे कोणी विसरलेले नाही. उन्हाळ्यात दुपारनंतर आभाळ भरून येते आणि इतक्या मोठ्या मोकळ्या पाण्यावर वारा क्षणात उठतो. तेव्हा उन्हाळ्यात सूर्योदयापासून नऊ-साडेनऊपर्यंतच पाण्यात राहा. त्या वेळी पाणी काचेसारखे असते, शिकायलाही तेच उत्तम. ढगांची काळी फळी दिसली, तर ती किती लांब आहे याचा अंदाज बांधत बसू नका, आधी काठ गाठा.

परवानगी हा भागही टाळता येणार नाही. जलाशय जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत येतो, तेव्हा त्यांची लेखी परवानगी आधी घ्या, आणि धरणाची भिंत व सांडव्याच्या आसपास बोट नेऊच नका. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानुसार यंत्राने चालणाऱ्या बोटीची नोंदणी आणि तपासणी करावी लागते. आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र सागरी मंडळ पाहते. स्थानिक मच्छीमार संस्थेलाही आपण कुठे आणि कोणत्या वेळी बोट चालवणार हे कळवा. कायद्याने ते लागो वा न लागो, अडचणीत पहिली होडी त्यांचीच येणार आहे.

प्रश्न : मुलगी ११ वर्षांची आहे. तिला पोहता येते. बोर्ड कोणता घ्यावा? – एक पालक, पंढरपूर

उत्तर : बोर्डची लांबी वजनावर ठरते, वयावर नाही. मोठ्या माणसाला साधारण १३० ते १४५ सेंटिमीटरचा बोर्ड लागतो, मुलांचे याहून आखूड मिळतात. तिचे वजन दुकानदाराला सांगून कंपनीच्या तक्त्यातून निवडा. ती वाढेल म्हणून मोठा घेऊ नका, जड बोर्ड लहान पायांना वळत नाही. पायाचे बंध घट्ट पण पडल्यावर निघतील असे असावेत. वेग ताशी २० ते २४ किलोमीटर पुरे. पहिले काही दिवस तिने फक्त पाण्यात बसून, हँडल धरून, बोट हळू चालत असताना फळीवर तरंगत राहावे. उभे राहण्याची घाई तुम्ही करू नका, ती स्वतः करील.

प्रश्न : दोर किती वर्षे टिकतो? आमचा दोन उन्हाळे वापरलेला आहे, दिसायला चांगला आहे. – एक वाचक, कुर्डुवाडी

उत्तर : वर्षांचा हिशेब सोलापूरच्या उन्हात फारसा कामाचा नाही. ऊन या दोरांचे धागे बाहेरून खाते. दोर दोन्ही हातांत धरून वाकवा आणि वाकलेल्या जागी नखाने खरवडा. पांढरा भुसा निघाला, केसाळपणा आला असेल किंवा रंग फिका पडून तो भाग ताठ लागत असेल, तर तो दोर संपला. दोराच्या टोकांच्या डोळ्यांपाशी आणि हँडलच्या तोंडाशी विशेष पाहा, दोर बहुधा तिथेच आधी जातो. वापरल्यावर साध्या पाण्याने धुवा, सावलीत वाळवा, सैल वेटोळे करून पिशवीत ठेवा, आणि बोटीत उघडा टाकून जाऊ नका. कामातून गेलेला दोर गोठ्यात किंवा पत्र्याच्या शेडमध्ये टांगून ठेवला, तर पुढच्या हंगामात कुणीतरी तो चांगला समजून पुन्हा बोटीवर नेतोच, म्हणून त्याच दिवशी विळ्याने त्याचे हातभर लांबीचे तुकडे करून टाका.